रंगाऱ्याला दिसलेला डोळा

कृत्रिम डोळे बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत तीन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत पेशंट बसायचे, मधल्या खोलीत मास्तर साचे घ्यायचे आणि डोळ्यांना पॉलिश करायचे, आणि मागची खोली गेल्या वर्षापासून बहुतेक बंदच असायची. पुढची खोली मास्तरांची सून सांभाळायची. तिला सगळे सूनबाईच म्हणत, अगदी कुरिअर आणणारा माणूससुद्धा.

एक डोळा दोघांच्या हातून व्हायचा. खोबणीचा साचा, मेणाचा आकार, पांढऱ्या भागावर बारीक लाल रेशमी धागे चिकटवून केलेल्या शिरा, हे सगळं मास्तरांचं. बुबुळ मात्र रंगवायचा एक रंगारी. तो दुसऱ्या गावात राहायचा आणि पाठीच्या दुखण्यामुळे प्रवास टाळायचा. दोघांच्या मधे होती एक शेअर केलेली शीट. प्रत्येक पेशंटची एक ओळ. त्यात नाव, बाजू, माप आणि शेवटच्या खान्यात त्याच्या चांगल्या डोळ्याचा फोटो. रंगारी घरी बसून तो फोटो बघायचा, शर्टाच्या बटणाएवढी चकती रंगवायचा आणि कापसात गुंडाळून पाठवून द्यायचा.

ही सगळी व्यवस्था मास्तरांच्या थोरल्या मुलीने बसवली होती. सूनबाईची नणंद. त्या घरात कोणी कोणाला 'वन्सं' म्हणत नसे. सूनबाईने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात चेष्टेने म्हटलं आणि ते नाव चिकटलं. वन्संचा स्वतःचा उजवा डोळा मास्तरांच्या हातचा होता. अगदी लहान असताना डोळ्यातल्या एका रोगाने तो गेला होता. तोवर मास्तर दातांच्या कवळ्या बनवायचे. मुलीला मिळालेला काचेचा डोळा त्यांना पसंत पडेना, म्हणून ते स्वतः शिकले आणि मग तेच करत राहिले. वन्सं याबद्दल कधी गंभीर झाल्या नाहीत. "नीट काम कर गं," त्या सूनबाईला म्हणायच्या, "माझा एक डोळा तुझ्यावर आहे, दुसरा ड्रॉवरमध्ये आहे."

गेल्या वर्षी थोड्याशा आजारपणात त्या गेल्या. मास्तरांनी मागच्या खोलीतल्या त्यांच्या संगणकाची पिन भिंतीतून काढली, दार ओढून घेतलं आणि पुन्हा पॉलिशच्या चाकाशी जाऊन बसले.

त्या सकाळी एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन आली. मुलीचा डावा डोळा काढावा लागला होता. तोच रोग. मास्तरांनी साचा घेतला तेव्हा पोरगी आईच्या मांडीत अंग चोरून बसली होती, पण रडली नाही. फोटोसाठी मात्र खुर्चीवर एकटी चढून बसली. रंग जुळवायला गालाशी एक रंगपट्टी धरावी लागते. ती तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली.

सूनबाईने फोन वर केला, फोटो काढला. मुलीने एकदम डोळा मिटला आणि मुठीने चोळला.

"केवढा उजेड पाडलात!" ती कुरकुरली.

"उजेड कुठे पाडला गं? फ्लॅश बंद आहे माझा."

सूनबाईने फोन तपासला. फ्लॅश बंदच होता. तो नेहमीच बंद असे. वन्संची सक्त ताकीद होती, फ्लॅशने बुबुळाचा रंग फिका पडतो. तिने आणखी एक फोटो काढून बघितला. तपकिरी बुबुळ, कडेला थोडी हिरवट झाक, मधे काळीभोर बाहुली. छान आला होता. तिने तो फोल्डरमध्ये टाकला, शीटमध्ये ओळ भरली आणि मायलेकींना निरोप दिला.

दुपारी तिने शीट उघडली तर मुलीच्या खान्यात फोटो नव्हता. चित्र तुटल्याची ती छोटी राखाडी खूण तेवढी दिसत होती.

फोटो दिसत नाही म्हटल्यावर काय काय करायचं हे सूनबाईला पाठ होतं. वन्संनी तिच्याकडून ते घोकून घेतलं होतं. आधी लिंक अर्धवट चिकटवली गेलीय का ते बघायचं. मग फोल्डर सगळ्यांसाठी खुलं आहे का ते बघायचं. ज्याचं फोल्डर असतं त्याला फोटो दिसतोच, म्हणून 'मला तर दिसतंय' म्हणणाऱ्यावर कधी विश्वास ठेवायचा नाही. मग फोटोचा प्रकार. नव्या फोनांचे फोटो काही ठिकाणी उघडतच नाहीत, ते साध्या प्रकारात बदलून घ्यायचे. मग आकार, फार मोठा तर नाही ना. हे सगळं झालं की शेवटी पान बंद करून पुन्हा उघडायचं आणि देवाचं नाव घ्यायचं.

तिने सगळं केलं. लिंक बरोबर होती. फोल्डर खुलं होतं. फोटो बदलून, लहान करून, पुन्हा टाकला. खूण तशीच. वरच्या आणि खालच्या ओळींतले डोळे मात्र व्यवस्थित दिसत होते. एकीकडे निळसर, एकीकडे पिंगट, आणि मधे तो रिकामा राखाडी चौकोन.

तिने रंगाऱ्याला फोन लावला.

"भाऊ, नव्या मुलीचा फोटो शीटमध्ये येत नाहीये. मी वेगळा पाठवते."

"कशाला, वहिनी? मला दिसतोय की."

"दिसतोय?"

"एकदम लख्ख. मी चकती घेऊनसुद्धा बसलो. पण बरं झालं फोन केलात, एक विचारायचंच होतं." पलीकडे खुर्ची करकरली. "बाहुली कशी करू? काळी की फोटोत आहे तशी?"

"फोटोत कशी आहे?"

"पांढरी."

सूनबाई हसली. "तुमचा चष्मा बदला, भाऊ. काळीभोर आहे ती, मी स्वतः काढलाय फोटो."

"वहिनी, चाळीस वर्षं रंगांत गेली माझी. काळा आणि पांढरा कळतो मला अजून." तो दुखावला नव्हता, पण त्याच्या आवाजातली मजा गेली होती. "पांढरी म्हणजे पिवळसर पांढरी. आत काहीतरी चमकतंय. थांबा, मी स्क्रीनचाच फोटो पाठवतो."

तो आला. तपकिरी बुबुळ, कडेला हिरवट झाक. डोळा त्याच मुलीचा होता, पापणीवरचा बारीक तीळसुद्धा तिथेच होता. पण ती थोडं वर आणि बाजूला बघत होती, डोळ्यावर प्रकाश झगझगीत पडला होता आणि बाहुलीच्या जागी फिकट पिवळं काहीतरी चमकत होतं. रानातल्या मांजराचा डोळा दिव्याच्या उजेडात दिसतो तसं.

गालाशी रंगपट्टी होती. पण ती मुलीने धरलेली नव्हती. फोटोच्या कडेने एक मोठ्या माणसाचा अंगठा आत आला होता. त्याच्या नखाला मधोमध उभी चीर होती.

सूनबाईने फोन उताणा टेबलावर ठेवला आणि थोडा वेळ आपल्या हातांकडे बघत बसली. लहानपणी दारात सापडून वन्संचं नख चिरलं होतं ते पुन्हा कधी सांधलं नाही. त्यावर त्या नखपॉलिश लावायच्या आणि ती चीर नेमकी तेवढी उघडी राहायची.

जुना फोटो असेल, तिने स्वतःला सांगितलं. वन्संनी काढलेला कुठलातरी जुना फोटो चुकून या खान्यात आला असेल. पण ही मुलगी आज पहिल्यांदाच आली होती. आणि वन्संनी तिला कधी पाहिलं नव्हतं.

तिने पुन्हा शीटकडे बघितलं. तेवढ्यात त्या रिकाम्या खान्याभोवती जांभळी चौकट उमटली.

शेअर केलेल्या शीटमध्ये कोणी दुसऱ्याने खान्यावर क्लिक केलं की आपल्याला अशी रंगीत चौकट दिसते. प्रत्येकाचा रंग वेगळा, आणि वर त्याचं नाव. रंगाऱ्याचा रंग केशरी असायचा. सूनबाईने माउस जांभळ्या चौकटीवर नेला. नाव आलं. वन्संचं.

तिला वाटलं, बाबांनी मागचा संगणक सुरू केला असणार. ती उठून मधल्या खोलीत गेली. मास्तर चाकाशी वाकून बसले होते, हाताला पांढरी पूड लागलेली.

"बाबा, मागचा संगणक लावलाय का तुम्ही?"

"मी? मला तो लावता तरी येतो का?"

ती मागच्या खोलीत गेली. खिडकीतून दुपारचं ऊन सरळ टेबलावर आलं होतं. धूळ होती, वन्संचा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर तसाच होता, आणि भिंतीला लागून मापाच्या नमुना-डोळ्यांचे सपाट ड्रॉवर होते. त्यातला एक कोणीतरी अर्धा उघडा ठेवला होता. आतले सगळे डोळे छताकडे बघत होते. संगणकाचा पडदा काळा होता. पिन जमिनीवर पडलेली होती, वायर नीट गुंडाळून.

सूनबाई दारातच थांबली. तिला परत फिरावंसं वाटलं. तिचे पाय तसे वळलेही. पण मग तिने वाकून पिन उचलली आणि भिंतीत खुपसली.

संगणक कुरकुरत सुरू झाला. वन्संचं खातं उघडंच राहिलं होतं. शीट आपोआप समोर आली. ती आधीच त्या मुलीच्या ओळीवर येऊन थांबलेली होती, आणि खान्यात तो फोटो दिसत होता. मोठा, स्पष्ट, पांढऱ्या बाहुलीचा.

"बाबा," तिने हाक मारली. "बाबा, जरा इकडे या."

मास्तर हात पुसत आले. चष्मा कपाळावरून खाली घेतला. पडद्याकडे बघितलं. सूनबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती, अंगठा त्यांना दिसतो का ते. त्यांनी तो पाहिला होता की नाही हे तिला कळलं नाही. ते फक्त बाहुलीकडे बघत होते. बराच वेळ. मग त्यांनी खुर्चीची पाठ धरली, स्वेटरसकट.

"माझ्या पोरीच्या डोळ्यात अस्संच दिसलं होतं," ते म्हणाले. "बागेत फोटो काढला होता आम्ही. तिची आई म्हणाली, काय सुंदर चमकतोय बघा डोळा."

"बाबा, पण हा फोटो मी काढलेला नाही."

"कोणी काढला ते नंतर बघू. त्या पोरीच्या आईला फोन लाव."

आईला समजावणं सोपं गेलं नाही. "अहो, तो डोळा चांगला आहे," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "डॉक्टरांनी सांगितलंय. पुढच्या महिन्यात तपासणी आहेच. मागची हिला ताप होता म्हणून राहिली, पण तशी ती ठणठणीत आहे. आजच मास्तरांनी एवढं दमवलंय, आता लगेच पुन्हा दवाखाना म्हटलं तर घर डोक्यावर घेईल."

"मी तुम्हाला एक फोटो पाठवते," सूनबाई म्हणाली.

थोड्या वेळाने आईचा परत फोन आला. ती आता वेगळ्याच आवाजात बोलत होती.

"हा फोटो तुम्ही कधी काढलात? मी तर शेजारीच उभी होते."

सूनबाई म्हणाली, "आधी दाखवून या. मग बोलू."

संध्याकाळी नवरा कामावरून आला. संगणकांचं त्याला बरंच कळायचं. त्याच्या ऑफिसमध्ये तो हेच करायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं, बायकोच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि मागच्या खोलीत जाऊन बसला. आधी तो पटापट बोलत होता. "अगं, फोनमध्ये कधीकधी दोन फोटो निघतात. हात लागून फ्लॅश सुरू होतो. आणि चौकट म्हणजे, ताईचं खातं कुठेतरी दुसरीकडे उघडं असेल, जुन्या फोनवर वगैरे."

"जुना फोन तूच विकलास ना?"

"हो. सगळं पुसून."

मग त्याने फोल्डर उघडलं. त्यात त्या मुलीचा एकच फोटो होता, सूनबाईने काढलेला, काळ्या बाहुलीचा. लिंक त्याच फोटोकडे जात होती. त्याने शीटमधले जुने बदल तपासले; त्या खान्यात सूनबाईशिवाय कोणी काही केलेलं नव्हतं. पण पडद्यावर मात्र पांढरीच बाहुली होती. त्याने माउस सोडला आणि मान पुढे करून फोटोच्या कडेकडे बघितलं. तो अंगठा त्याने लहानपणापासून पाहिला होता. दारात तो सापडला तेव्हा दार त्यानेच ओढलं होतं.

"बंद करू का?" त्याने विचारलं.

"नको," बायको म्हणाली. "राहू दे."

दुसऱ्या दिवशी मायलेकींबरोबर सूनबाईही दवाखान्यात गेली. आईने तसा आग्रहच धरला होता. मुलीला भूल देऊन डोळा तपासला. बाहेर बाकावर आई सूनबाईचा हात धरून बसली होती.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या मास्क गळ्यात ओढतच.

"गाठ आहे," त्या म्हणाल्या. "लहान आहे, अगदी कडेला आहे. लेझरने जाळता येईल. डोळा वाचेल असं मला वाटतं. महिनाभर थांबला असतात तर मी हे म्हणू शकले नसते."

आई रडू लागली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सूनबाईकडे वळल्या. त्यांच्या हातात फोन होता, आईने पाठवलेला फोटो त्यावर उघडलेला.

"समोरून कितीही फोटो काढले असते तरी हे दिसलं नसतं. मुलीची नजर वर आणि जरा बाहेर हवी, उजेड नेमका असा हवा, तरच. कोणी काढला हा? माहीत असल्याशिवाय असा कोन कोणी धरत नाही."

"आमच्या वन्संनी," सूनबाई म्हणाली. शब्द तोंडातून गेल्यावरच तिच्या ते लक्षात आलं.

"त्या डॉक्टर आहेत?"

"नाही. त्यांनाही हेच झालं होतं."

"माझ्यातर्फे आभार माना त्यांचे."

"सांगते," सूनबाई म्हणाली.

घरी परतल्यावर ती थेट मागच्या खोलीत गेली. संगणक सुरूच होता. मुलीच्या खान्यात आता काळ्या बाहुलीचा फोटो होता. तिचा स्वतःचा. पुढच्या खोलीतही तोच दिसत होता, राखाडी खूण गेली होती. तेवढ्यात रंगाऱ्याचा फोन आला.

"वहिनी, तुम्ही फोटो बदललात का? आता मला काळी बाहुली दिसतेय."

"काळीच रंगवा, भाऊ."

"पोरीचं कसं आहे?"

"गाठ आहे. पण डोळा वाचेल म्हणतात."

रंगारी म्हणाला, "मी काल त्याच्याकडे बघून चकती अर्धी रंगवली होती, बरं का. पांढऱ्या बाहुलीची. टाकून द्यायला हात धजत नाहीये. काय करू?"

"ठेवू नका," सूनबाई म्हणाली. का, ते तिला सांगता आलं नसतं. "जाळून टाका."

"जाळतो."

काही आठवड्यांनी वन्संचं खातं बंद झालं. बराच काळ कोणी वापरलं नाही की कंपनी ते पुसते, नवऱ्याने सांगितलं. तसा संदेशही आला होता. त्या सकाळी शीट उघडली तर फोटोंच्या सगळ्या उभ्या ओळीत राखाडी खुणा होत्या, वन्संच्या काळातला एकूण एक डोळा गेलेला. नवऱ्याने शीट आपल्या खात्यावर नव्याने बांधून दिली. जुने फोटो काही परत आले नाहीत. मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चाक थांबवलं नाही.

"ते सगळे आता नवे डोळे घालून हिंडतायत," ते म्हणाले. "फोटो हवेत कशाला?"

पण दुपारी ते स्वतः मागच्या खोलीत गेले, खुर्चीवरचा स्वेटर घडी करून आत घेऊन आले आणि खोलीचं दार त्यांनी परत ओढून घेतलं नाही.

सूनबाई आता प्रत्येक लहान मुलाचे फोटो दोनदा काढते. एकदा रंगासाठी, फ्लॅशशिवाय. मग फ्लॅश लावून, मुलाला वर बघायला सांगून, बाजूला बघायला सांगून. आईबापांनी विचारलं तर म्हणते, आमच्याकडची पद्धत आहे. एखादा फोटो शीटमध्ये उमटायला क्षणभर उशीर लागला तर ती टेबलाची कड धरते, आणि तो उमटेपर्यंत सोडत नाही.

मुलीचा नवा डोळा बसवायचा तो दिवस उन्हाचा होता. लेझरचे उपचार झाले होते, तपासणीत काही नवीन दिसलं नव्हतं. आईचा चेहरा थोडा भरला होता, तेव्हा कळलं की आधी ती किती वाळली होती. मास्तरांनी डोळा कोमट पाण्यात धुतला, मुलीची वरची पापणी हलकेच उचलली आणि डोळा आत सरकवला. मुलीने डोळे मिचकावले. मास्तर मागे सरले, मान तिरकी करून बघत राहिले, मग आरसा तिच्या हातात दिला.

तिने आरशात फारसं बघितलं नाही. तिचं लक्ष मागच्या खोलीच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या ड्रॉवरकडे होतं.

"ते सगळे डोळे कोणाचे आहेत?"

"अजून कोणाचेच नाहीत," मास्तर म्हणाले.

"मी एक बघू?"

मास्तरांनी तिला हाताला धरून आत नेलं. ती टाचा उंचावून ड्रॉवरमध्ये बघत होती, आणि मास्तर तिला एकेक उचलून दाखवत होते, हा मोठ्या माणसांचा, हा अगदी बाळांचा. आई पुढच्या खोलीत चपला घालून थांबली होती, मुलगी काही येत नव्हती, आणि बाकावर पुढचा पेशंट येऊन बसला होता.